एकच चलन, पण तूट कोण भरणार?

सार्क देशांनी, म्हणजे भारत आणि दक्षिण आशियातल्या शेजाऱ्यांनी, युरोसारखं एकच चलन घ्यावं, व्यापार सोपा होईल, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही.

ग्रीसने २००१ मध्ये ड्राख्मा हे स्वतःचं चलन सोडून युरो घेतला. २०१० मध्ये कर्जसंकट आलं तेव्हा अवमूल्यनाची, म्हणजे आपलं चलन स्वस्त करण्याची, वाटच बंद होती, मग पगार आणि पेन्शनवर कात्री चालली.

आम्ही यवतमाळकडचे कापूसवाले. रुपया घसरला की बाहेरच्या देशातली कापसाची गाठ महाग पडते, मग जिनिंगवाला (कापसातली सरकी काढणारा) आपल्या कापसाला जरा बरा भाव देतो. (डीएपी, पोटॅश ही खतंही महागतात, ते वेगळंच.) ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, बाहेरचा कापूस स्वस्त झाला, तेव्हा निदान जाब दिल्लीला विचारता येत होता. चलन सामायिक झालं तर कोणाला विचारणार?

मुंबई आणि आमच्याकडचं मारेगाव एकाच रुपयावर चालतात, हे मान्य. पण इथे वित्त आयोग केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा ठरवतो, आमची पोरं पुण्याला कामाला जातात, म्हणून निभावतं. ग्रीसला मिळालं ते मुख्यतः कर्ज, तेही अटी घालून. आपल्या शेजाऱ्यांत एकमेकांची तूट भरायला कोण तयार आहे? नेपाळने १९९३ पासून १.६० नेपाळी रुपयाला एक भारतीय रुपया असा दर बांधून ठेवलाय, तरी स्वतःचं चलन सोडलेलं नाही.