घरच्या गॅरेजसाठी टू-पोस्ट लिफ्ट की सिझर?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): गॅरेज १२ × २० फूट, छत १० फूट. फरशीवर टाइल्स, खाली काळी माती. वीज सिंगल फेज. हॅचबॅकचे ब्रेक, सस्पेन्शन, ऑइल एवढीच कामं. गाडी उचलायला काय घ्यावं: दोन खांबांची टू-पोस्ट लिफ्ट की कात्रीसारखी उघडणारी सिझर?

उत्तर १: मिड-राइज (मध्यम उंचीपर्यंत उचलणारी) सिझर. टू-पोस्ट साधारण ११ फूट रुंद, म्हणजे बाजूने फिरायला जागाच नाही. शिवाय गाडीच दीड मीटर उंच, तेव्हा १० फुटांच्या छताखाली ती डोक्यावर जाणार नाही. मोटर सिंगल फेजचीच मागवा.

उत्तर २: टू-पोस्टच हवा असेल तर आधी टाइल्स काढा. खांब जमिनीला पक्के करणारे अँकर बोल्ट टाइलवर कधीच नको, ती फुटते आणि बोल्ट ढिला पडतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावरची पातळ फरशी हमखास तडकते. माती काढून मुरूम ठोका, वर सळई घालून १५० मिमी जाडीचं एम२५ ग्रेडचं काँक्रीट. २८ दिवस पाणी मारल्याशिवाय, खरंच, बोल्ट लावू नका.

उत्तर ३: सिझरमध्ये गाडीचा मधला भाग झाकला जातो, गिअरबॉक्स उतरवणं अवघड. ब्रेकला अडचण नाही. लिफ्टचे पॅड गाडीच्या जॅकिंग पॉइंटखालीच (जॅक लावायच्या ठरलेल्या जागी) ठेवा. गाडी उचलली की लिफ्टच्या सेफ्टी लॉकवर टेकवा, नुसत्या हायड्रॉलिकवर ठेवून खाली जाऊ नका. वीज गेल्यावर हाताने उतरवायचा व्हॉल्व्ह आहे का, तेही विचारा.