खपली गव्हाच्या मुळांना खरेच काही होत नाही का?

धागाकर्ती, हातकणंगले : शिरोळच्या एका शेतकरीबंधूंनी काल लिहिले, की खपलीच्या मुळांना कोणताही रोग लागत नाही आणि सूत्रकृमींचे (मातीत राहून मुळांवर जगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या कृमींचे) भय औषधविक्रेत्यांनी पसरवले आहे. हे वाचून गप्प बसवत नाही. 'यारोस्लाव' या खपलीवर्गीय वाणातून खोडावरच्या तांबेऱ्याचा, म्हणजे एका बुरशीजन्य रोगाचा, प्रतिकार साध्या गव्हात आणला गेला, हे खपलीचे मोठेच देणे आहे. परंतु बुरशीला रोखणारा जनुक मुळांतल्या सूत्रकृमीलाही रोखेल, असे मानण्यास आधार नाही.

शिरोळकर : ताई, आजोबांपासून आमच्याकडे खपली आहे. मुळे उपटून पाहिली, एकही गाठ दिसली नाही. मोल्या हा गव्हाच्या मुळांचा सूत्रकृमीजन्य रोग राजस्थान-हरियाणाच्या वाळूसर जमिनींतला. तो आमच्या काळ्या रानात कशाला आणता?

धागाकर्ती : मोल्या इथे आहे, असे मी लिहिलेलेच नाही. मात्र प्रॅटिलेंकस हा सूत्रकृमी गाठी करतच नाही. तो मुळाच्या सालीत फिरत पेशी मारतो, मुळांवर तपकिरी चट्टे पडतात, पीक पिवळे दिसते आणि आपण युरिया टाकत बसतो.

कागलचा वाचक : युरियाचे राहू द्या, आधी माती परीक्षणाचे बोला! माझ्या वांग्याच्या मुळांना गाठी आल्या, तेव्हा मी माती तपासायला दिली. अहवालात नत्र, स्फुरद, पालाश सगळे होते, सूत्रकृमींबद्दल अक्षर नव्हते. दुकानदाराने तर २०२० अखेर बंदी आलेले फोरेट हे कीटकनाशक पुढे केले.

शिरोळकर : मग मी वेगळे काय म्हणत होतो? हा सगळा धंदा आहे.

करवीरचा कृषी पदवीधर : दुकानदार लबाड निघाला म्हणून कृमी खोटा ठरत नाही, दादा. खतांसाठी आपण माती वाळवून देतो, त्यात बरेच कृमी मरतात. म्हणून मुळाजवळची ओलसर माती बारीक मुळांसकट पिशवीत बांधून, उन्हापासून जपून, सूत्रकृमी तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्यावी लागते. आणखी एक गोष्ट इथे कोणीच मांडली नाही. सहनशील वाण उत्पन्न देतो, पण त्याच्या मुळांवर कृमी वाढतच राहतात आणि पुढच्या पिकाला भोवतात. प्रतिकारक वाण त्यांची वाढच रोखतो. आपली खपली यांपैकी कोणती, हे चांगल्या उताऱ्यावरून कळणार नाही.

शिरोळकर : ठीक आहे, यंदा ओली माती देतो. तोवर खपलीला नावे ठेवलेली मी ऐकून घेणार नाही.

धागाकर्ती : नावे कोणीच ठेवलेली नाहीत. अहवालात कृमीची जात आणि संख्या दोन्ही मागून घ्या, कारण मोल्याच्या कृमीला अडवणारे 'क्रे' जनुक प्रॅटिलेंकसला अडवतीलच असे नाही.