वृद्धाश्रमातले मुस्लिम रहिवासी: नमाज, रोजा, जकात कसं बसवायचं?

शेवंता४०
४० खाटांचा मिश्र वृद्धाश्रम. त्यात सात मुसलमान: चार मराठवाड्यातले हनफी, तीन रत्नागिरीकडचे शाफई (हे दोन सुन्नी पंथ). दोघं कायम अंथरुणाला, चौघांना डायपर. सेवक सगळे हिंदू. नियम लिहून काढतोय, तीन ठिकाणी अडतंय. डायपर असताना नमाज होते का? मधुमेहींच्या रोज्याचं काय? आणि मुलगा आईची फी जकातीतून (सक्तीच्या दानातून) भरू शकतो का?

खाडीपलीकडे
मजहब (पंथ) माहीत आहे हे उत्तम. डायपरचं वेळापत्रकच त्यावर ठरतं. एका नमाजेच्या पूर्ण वेळेत वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) करून फर्ज (सक्तीची नमाज) पढण्याइतकीही उसंत लघवी देत नसेल, तर ती व्यक्ती 'माजूर' (सवलतीला पात्र). हनफी माजूराचा वजू त्या नमाजेची वेळ संपेपर्यंत टिकतो. शाफईंना प्रत्येक फर्जाला नवा वजू, तोही वेळ लागल्यावरच.

म्हणून अजान झाली की डायपर बदला, पाण्याने धुवा (नुसत्या वाइपने पुष्कळांचं मन मानत नाही) आणि लगेच वजू द्या. जोहर (दुपारची नमाज) वेळेच्या शेवटी आणि अस्र (तिच्यानंतरची) वेळ लागताच पढली, तर हनफींना एका बदलात दोन्ही निभतात. वजू मात्र दोनदा. मधे डायपर भरला तर अर्थातच अजानीची वाट पाहायची नाही.

पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम (पाण्याऐवजी मातीवर हात मारून चेहरा-हात पुसणं). हनफींना स्वच्छ वीट किंवा दगड चालतो, शाफईंना धूळ उठेल अशी माती लागते. डबीत भरून खाटेजवळ ठेवा. ऑइल पेंटच्या पुसलेल्या भिंतीवर हात मारून तयम्मुम होत नाही.

रात्रपाळी
खाटेचंही बघा. मुंबईतून किब्ला (मक्केची दिशा) पश्चिमेच्या जेमतेम १० अंश उत्तरेला आहे. झोपून पढताना हनफी रीत अशी: पाठीवर, पाय किब्ल्याकडे, उशी उंच, म्हणजे तोंड किब्ल्याकडे राहतं. शाफई रीत उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला. म्हणजे डोकं उत्तरेला येतं. इथे हिंदू सेवक बिचकतात आणि न सांगता खाट फिरवतात. आधीच समजावून ठेवा. उजव्या खुब्यावर बेडसोर असेल तर डावी कूस चालते, फक्त डोकं दक्षिणेला करा.

रोजा: रक्तातली साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की तिथेच सोडायचा. बोट टोचून तपासल्याने किंवा इन्सुलिनच्या सुईने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा (धर्मपंडित) सांगतात. तो तुटेल या भीतीने वृद्ध तपासणीच टाळतात आणि दुपारनंतर साखर कोसळलेली कळत नाही. शाबानमध्येच (रमजानच्या आधीच्या महिन्यात) डॉक्टरकडून डोस बदलून घ्या. बरं होण्याची आशा नसेल तर रोज्याऐवजी फिदिया (गरिबाला अन्नदान): शाफईंत दर रोज्याला एक मुद्द, सुमारे ६०० ग्रॅम धान्य (कोकणात तांदूळ). हनफींत अर्धा साअ (जुनं माप) गहू किंवा त्याची किंमत. वजनाचा हिशेब १.६ ते २ किलोपर्यंत बदलतो, स्थानिक मौलानांना विचारा.

पावतीबुक
जकातीचं उत्तर सरळ नाही. आईवडिलांचा खर्च मुलावर मुळातच वाजिब (बंधनकारक) आहे, म्हणून त्याची जकात त्यांना चालत नाही. आश्रमाच्या नावाने पावती फाडली तरी फरक पडत नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदाही निर्वाहाची जबाबदारी मुलांवरच टाकतो.

दुसऱ्या कुणाची जकात गरजू रहिवाशाला चालते. पण हनफींत तमलीक हवी: रक्कम आधी रहिवाशाच्या मालकीची, मग त्याने फी भरायची. जकात थेट पगारात किंवा छताच्या दुरुस्तीत घालणं ही नेहमीची चूक. त्यासाठी सदका (ऐच्छिक दान), इमदाद (मदत) असं वेगळं खातं ठेवा.

शेवंता४०
आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजी? दिवसातून दहादा विचारतात, नमाज झाली का.

खाडीपलीकडे
भानच राहिलं नसेल तर नमाज त्यांच्यावर फर्ज नाही. चुकल्याचा हिशेब ठेवू नका. मागितली की जानमाज (नमाजेची चटई) द्या, रकात (नमाजेची आवर्तनं) चुकल्या तर टोकू नका. आणि 'आत्ताच तर पढलात' असं वैतागून म्हणू नका. आईबापांना 'उफ्'ही म्हणू नये, हे सूरह इस्राच्या २३व्या आयतीत आहे. सेवकांच्या नियमावलीत तीच पहिली ओळ घाला.