चॅटम काउंटीतलं बिनडाउनपेमेंटचं घर: आधी कुणाला?

रानवाट (धागाकर्ती)
नॉर्थ कॅरोलिनात रॉली शहराजवळच्या कॅरी-मॉरिसव्हिलमधले घरांचे भाव हाताबाहेर गेल्यापासून आपली बरीच मंडळी शेजारच्या चॅटम काउंटीत घरं बघतायत. ओढ आहे ती यूएसडीए कर्जाची. यूएसडीए म्हणजे अमेरिकेचं कृषी खातं, ते ग्रामीण भागातल्या बँकेच्या गृहकर्जाला हमी देतं. डाउनपेमेंट शून्य, ३० वर्षं स्थिर व्याजदर, सुरुवातीला १ टक्का हमी शुल्क आणि मग दरवर्षी ०.३५ टक्के. २०२५ साली बहुतेक काउंट्यांत चार माणसांपर्यंतच्या घराला उत्पन्नाची मर्यादा १,१९,८५० डॉलर होती, महाग भागांत त्याहून जास्त.

मला हे खटकतं. याच काउंटीच्या पश्चिमेला सायलर सिटीत कोंबडीच्या कारखान्यात राबणारी, शाळेची बस चालवणारी माणसं वर्षानुवर्षं भाड्याच्या ट्रेलरमध्ये (हलवता येणाऱ्या तयार घरांत) राहतात. घरं मोजकीच. तिथे आपण लाखभर पगाराची स्लिप घेऊन त्याच रांगेत उभं राहायचं? माझं मत स्पष्ट आहे: घरातल्या एकाची तरी नोकरी त्याच काउंटीत असावी, अशी अट हवी.

सडेतोड_नाना
पूर्ण असहमत. कामासाठी रॉलीला जातो म्हणून माणूस ग्रामीण राहत नाही का? आमच्या रस्त्यावरची निम्मी तरुण पोरं पहाटे ट्रक काढून बांधकामांवर जातात, तीही काउंटीबाहेर. तुमच्या अटीचा पहिला फटका त्यांनाच बसेल. आयटीवाला घरून काम करतो, तो पत्ता चॅटमचा दाखवून मोकळा होईल.

आणि ज्याच्याकडे किमतीच्या २० टक्के रोकड आहे आणि साधं कर्ज सहज मिळू शकतं, त्याला ही हमी मिळतच नाही. चाळणी आहे की आधीच.

रानवाट
चाळणीला भोक आहे, नाना. त्या २० टक्क्यांत निवृत्तीचे पैसे धरत नाहीत. फोर-ओ-वन-के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचतीच्या खात्यात, दोन लाख डॉलर असलेला माणूसही तिथून आरामात पलीकडे जातो. बाहेर जाणाऱ्या पोरांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. मग नोकरीऐवजी वास्तव्य धरा: दोन वर्षं काउंटीत राहिलेल्याला प्राधान्य.

माहेरची_सातारकर
तुम्ही दोघं काउंटीतला कोण आणि बाहेरचा कोण यावर भांडताय, आमच्यासारख्यांचं गाडं उत्पन्नाच्या हिशेबात अडतं. कर्ज मी आणि नवरा घेणार, पण मोजतात घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची कमाई. सासूबाई ग्रीनकार्डवर आहेत, दुकानात अर्धवेळ उभ्या राहतात. त्यांचा पगार धरला की आम्ही मर्यादेच्या वर. कर्ज फेडताना त्यांचा एक डॉलरही धरणार नाहीत, अपात्र ठरवताना मात्र पूर्ण धरणार! म्हाताऱ्या माणसांना वेगळं ठेवणाऱ्यांना हे सोपं जातं, एकत्र राहणाऱ्यांना शिक्षा.

सडेतोड_नाना
ताई, घरात माणसं किती? पाच ते आठ जणांच्या घराला मर्यादा वेगळी आहे, २०२५ ला १,५८,२५० होती. शिवाय प्रत्येक मुलामागे ४८० डॉलर वजा होतात आणि नोकरीसाठी पाळणाघरात भरलेले पैसेही. पाळणाघराचाच आकडा मोठा निघतो. बँकेतल्या माणसाला हिशेब कागदावर मांडायला लावा.

माहेरची_सातारकर
सासूबाई धरून चौघंच आहोत. पाळणाघर नाही, कारण नातवाला त्याच सांभाळतात. म्हणजे पाळणाघराचे पैसे वाचवल्याबद्दल वजावटही गेली.

कृष्णाकाठ
एक खुलासा. हे सगळं मुख्यतः नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे, एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी यात वेळ घालवू नये. मे २०२५ पासून एफएचएचं, म्हणजे सरकारी विम्याच्या दुसऱ्या गृहकर्जाचं, दारही त्यांना बंद आहे.

आता मूळ वादाबद्दल. रानवाट, तुम्ही ज्यांच्यासाठी बोलताय त्यांच्यासाठी हमीचं कर्ज नाहीच मुळी. त्यांच्यासाठी त्याच खात्याचं थेट कर्ज आहे: खातं स्वतः पैसे देतं, मुदत ३३ वर्षं, उत्पन्न कमी असेल तर सवलतीने व्याज १ टक्क्यापर्यंत खाली येतं. हमीच्या कर्जात पैसा बँकेचा असतो, एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं जात नाही. थेट कर्जाला मात्र संसद दरवर्षी ठरावीकच रक्कम देते, खरी रांग तिथे लागते. जोर तिकडे लावा.

रानवाट
पैसा जात नाही, पण घर जातं ना! दोघांनी एकाच घरावर बोली लावली तर जास्त पगारवाल्याची बोली वर. त्यात यूएसडीएची फाइल बँकेने मंजूर केल्यावर पुन्हा खात्याकडे जाते. बोअरच्या पाण्याची तपासणी, सेप्टिक टँकचे कागद, यात दिवस जातात. घाईतला विकणारा ज्याचे कागद चोख त्यालाच पसंत करतो. इंग्रजी तोडकंमोडकं बोलणारा, रोजंदारीच्या पावत्या गोळा करणारा माणूस तिथेच मागे पडतो. थेट कर्ज वाढवा, माझा पाठिंबा आहे. पण वास्तव्याची अट मी सोडत नाही.

सडेतोड_नाना
आणि मी विरोध सोडत नाही. दोन वर्षं भाड्याने राहायला चॅटममध्ये भाड्याची घरं आहेत कुठे?