पुढच्या चाकाकडून खटखट: लिंक रॉड आणि लोअर आर्म घरी बदलावेत का?

घाटवाट (रत्नागिरी)

नमस्कार. माझी पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक २०१४ सालची असून तिचे १,०४,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. महिन्यातून दोन वेळा आंबा घाटातून कोल्हापूरला जाणे होते. या पावसाळ्यानंतर पुढच्या डाव्या चाकाकडून खटखट असा कोरडा आवाज येऊ लागला आहे. गतिरोधक सरळ ओलांडला तर तो जवळजवळ येत नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेले की स्पष्ट ऐकू येतो. याशिवाय ब्रेक दाबताना एकदाच ‘ठक्’ असे होते.

येथील एका मेस्त्रींनी गाडी वर न उचलताच दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलण्यास सांगितले. मी स्वतः वाकून पाहिले, तर शॉकॲब्सॉर्बर कोरडे आहेत, मात्र लिंक रॉडचे (गाडीचा कल रोखणाऱ्या बारला चाकाकडील भागाशी जोडणाऱ्या दांडीचे) रबरी बूट फाटलेले आहे आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या भुजेच्या) बुशला, म्हणजे रबरी सांध्याला, बोटाच्या पेराएवढी चीर आहे. माझ्याकडे रिंग पाने, गोटी पान्यांचा संच आणि टॉर्क पाना (ठरावीक जोराने नट आवळणारा) आहे. जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलणारे लोखंडी आधार) नाहीत, पण घराच्या बांधकामातून उरलेले जांभ्याचे चिरे आहेत. यातले कोणते काम घरी करावे आणि कोणते करू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_फिटर

सर्वांत आधी चिऱ्यांविषयी लिहितो, कारण बाकी सर्व त्यानंतरचे आहे. जांभा भिंतीत उत्तम, कारण तेथे भार संपूर्ण पृष्ठभागावर पसरतो. गाडीच्या कडेची पत्र्याची धार मात्र एका अरुंद रेषेवर भार देते, आणि सच्छिद्र दगड अशा भाराखाली कोणतीही सूचना न देता फुटतो. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे यांचेही तेच. कृपया दोन टन क्षमतेचे जॅक स्टँड विकत घ्या, मागच्या चाकांना लाकडी पाचर लावा, आणि काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवा. गाडीसोबत मिळालेला जॅक केवळ स्टेपनी बदलण्यासाठी असतो; त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

आता निदान. आपले निरीक्षण अचूक आहे आणि उत्तर त्यातच दडलेले आहे. दोन्ही चाके एकाच वेळी वर गेली, तर अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा कल रोखणारी, दोन्ही चाकांना जोडणारी आडवी सळई) सरळ फिरतो आणि लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. एकच चाक वर किंवा खाली गेले, तर बार पिळला जातो आणि झिजलेल्या सांध्यातील मोकळी जागा खटखटते. ब्रेक दाबताना एकदाच येणारा ठोका हा लोअर आर्मच्या बुशकडे बोट दाखवतो, कारण त्या वेळी चाक मागे ढकलले जाते आणि फाटलेले रबर त्याला थोपवू शकत नाही. शॉकॲब्सॉर्बरला तेल लागलेले नसेल आणि गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडल्यावर गाडी पुन्हा पुन्हा हेलकावत नसेल, तर तो आज बदलण्याचे कारण दिसत नाही.

लिंक रॉड घरी अवश्य बदला. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. समुद्राजवळच्या गाडीत ही एक रात्र फार उपयोगी पडते. पुढची दोन्ही चाके एकत्र उचला, म्हणजे बार पिळलेला राहणार नाही आणि रॉड सहज निघेल. नट फिरवताना आतला बॉल-सांधाही सोबत फिरू लागतो, तेव्हा त्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की घालून तो धरून ठेवावा. रॉड दोन्ही बाजूंचे बदलावेत आणि नट नवेच वापरावेत.

सह्याद्री_चालक (सातारा)

लोअर आर्मबाबत थोडी भर घालतो. बुश प्रेसशिवाय नीट निघत नाही, म्हणून बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला पूर्ण आर्म घेणे घरच्या कामासाठी योग्य. बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडील टोकाचा गोल सांधा) नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागात, ज्या बोल्टने आवळलेला असतो, तो बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. अनेक गाड्यांत तो बॉल जॉइंटच्या खाचेतून जातो, त्यामुळे तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. आर्म सुटल्यावर नकल बाहेरच्या बाजूला ओढू नका, अन्यथा ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा निसटू शकतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोल्ट आवळण्याच्या वेळेची आहे, आणि घाईत नेमकी तीच राहते. बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि त्यानंतर आर्मची हालचाल केवळ रबराच्या पिळण्यावर चालते. चाक हवेत लटकलेले असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. यासाठी काम सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहा. शेवटी बॉल जॉइंटच्या बाजूने आर्मखाली जॅक लावून, गाडी स्टँडवरून न उचलता, हबचा मध्य तेवढ्याच अंतरावर आणा आणि मगच बुशचे बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा.

रविवारचा_मेकॅनिक

एवढे सर्व उघडणारच आहात, तर स्ट्रटही (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा एकत्र खांब) उतरवून वरचे माउंटिंग आणि बेअरिंग बदलून टाकावे, असे मला वाटते. स्प्रिंग दाबण्याचे क्लॅम्प भाड्याने मिळू शकतात.

जुना_फिटर

आपला हेतू चांगला आहे, परंतु मी येथे असहमत आहे. स्ट्रटमधील स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते आणि वरचा मधला नट तिला रोखून धरतो. क्लॅम्प घसरला, तर ती स्प्रिंग माणसाचा जबडा फोडू शकते. जागेवर उभ्या गाडीचे स्टीअरिंग फिरवताना ‘टंग’ असा आवाज येत असेल किंवा स्प्रिंग अडकून सुटल्यासारखे जाणवत असेल, तरच माउंटिंग पाहावे, आणि तेव्हाही स्ट्रट घरी उतरवून स्प्रिंगचे काम भिंतीवरच्या पक्क्या कॉम्प्रेसरवर करून घ्यावे. प्रश्नकर्त्यांनी असे कोणतेही लक्षण सांगितलेले नाही.

घाटवाट (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. स्टँड आणले आणि रविवारी सकाळी सातला सुरुवात केली. जुना डावा लिंक रॉड हातात धरून हलवला, तर वरचा सांधा खुळखुळ्यासारखा वाजत होता. बूट फाटल्यामुळे आतले ग्रीस पूर्ण धुऊन गेले होते आणि त्या जागी तांबडी माती साचली होती. उजव्या रॉडचा खालचा नट गंजाने इतका धरला होता की ॲलन कीची खाच झिजली आणि शेवटी तो हॅक्सॉने कापावा लागला. त्यातच दीड तास गेला.

डाव्या आर्मसाठी मोजलेले अंतर ३६२ मिलिमीटर होते. बोल्ट सैल असताना चाक लटकवून पाहिले, तेव्हा ते ४४० च्या पुढे गेले. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर रबर किती पिळले गेले असते, ते पटले. आर्म बदलल्यामुळे सोमवारी व्हील अलाइनमेंट करून घेतले. डाव्या चाकाचा टो (वरून पाहता चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) थोडा बाहेर गेलेला निघाला.

काल आंबा घाट उतरलो. खटखट आणि ब्रेकचा ठोका दोन्ही बंद आहेत. उजव्या आर्मच्या बुशवरही बारीक रेषा दिसत आहेत, म्हणून तो आर्म मागवला आहे.

सह्याद्री_चालक (सातारा)

उत्तम. दुसरा आर्म बसवल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावे लागेल. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर दोन्ही बाजूंच्या बोल्टवर टॉर्क पाना एकदा लावून पाहावा.