लोकांचा विश्वास डळमळला की घरांचे भाव लगेच का पडत नाहीत?

साधाप्रश्न:
'ग्राहकांचा विश्वास घसरला' अशी बातमी येते आणि मागोमाग घरबांधणी कंपन्यांचे शेअर पडतात. मला यातलं गणित कळत नाही. पगार तोच, माणसं तीच, घरं कालच्याच जागी उभी. मग लोकांना नुसतं 'वाटलं' म्हणून देशाची अर्थव्यवस्था कशी हलते? आणि विश्वास एवढा उडतो, तर भाव धाडकन खाली का येत नाहीत? घर घ्यायचा विचार चालू आहे, म्हणून विचारतोय.

कर्जखाते:
गृहकर्जाच्या फायली तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा टेबलाच्या या बाजूने सांगतो.

पहिली खूण फायलीत दिसते, भावात नाही. कर्ज मंजूर असतं, मंजुरीपत्र हातात असतं, पण माणूस पैसे उचलायला येत नाही. फोन केला की म्हणतो, "मुदत वाढवून मिळेल का?" त्याची नोकरी शाबूत असते, हप्ताही झेपणारा असतो. फक्त शेजारच्या विभागात दोघांना नारळ मिळालेला असतो. वीस वर्षांच्या कर्जावर सही करणारा माणूस आजच्या पगाराकडे बघून सही करत नाही, पुढच्या पगारांच्या भरवशावर करतो. तो थांबला की सुतार, रंगारी, वायरमन, पडदेवाला सगळ्यांचंच काम थांबतं, मग तेही हात आखडतात. अमेरिकेत जीडीपीचा साधारण दोन तृतीयांश भाग लोकांच्या खर्चाचा आहे. मिशिगन विद्यापीठ १९४० च्या दशकापासून लोकांच्या मनाचा कानोसा घेतंय, ते काही उगाच नाही.

आता भावाचं. विकणारा हटून बसतो. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी काय भाव घेतला, तो आकडा त्याच्या डोक्यात पक्का असतो आणि त्याखाली विकणं त्याच्या जिवावर येतं. त्यामुळे आधी सौदे आटतात. भाव मागाहून उतरतात, तेही ज्यांना विकणं भागच आहे त्यांच्यापासून. अमेरिकेत भाव २००६ मध्ये शिखरावर होते, तळ गाठेपर्यंत २०१२ उजाडलं.

उलटतपासणी:
विश्वास हे कारण कसलं? तो तर परिणाम. जून २०२२ मध्ये तुमच्या त्या मिशिगनच्या ग्राहक-विश्वास निर्देशांकाने ५० चा नीचांक गाठला. लोकांनी खर्च थांबवला का? नाही. २०२३ मध्ये तिथे जुन्या घरांची विक्री ४०.९ लाखांवर आली, १९९५ नंतरची तोवरची सर्वात कमी. त्यालाही कारण व्याजदरच. घर बदलायला हातातलं तीन टक्क्यांचं कर्ज सोडून सात टक्क्यांचं कोण घेईल?

कर्जखाते:
२०२३ चं मान्य. सौदे कमी झाले म्हणजे दरवेळी विश्वासच गेला असं नाही. पण कुरकूर वेगळी आणि धास्ती वेगळी. महागाईच्या नावाने बोटं मोडत लोक खरेदी करतच राहतात. २०२२ ची ती कुरकूर होती.

धास्ती बघायची तर सप्टेंबर २००७ मधली ब्रिटनची नॉर्दर्न रॉक बँक बघा. ठेवीदारांचे पैसे लांब मुदतीच्या गृहकर्जांत अडकलेले. बँकेने मध्यवर्ती बँकेकडे हात पसरल्याची बातमी फुटली आणि शाखांबाहेर रांगा लागल्या. त्या रांगेतल्यांना वेडं म्हणता येत नाही. सगळेच काढायला लागले तर मागे राहणाराच बुडतो. १७ तारखेला सरकारने ठेवींची हमी दिली आणि रांगा ओसरल्या. त्या दिवसांत मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जागचा हलला नव्हता!

चीनमध्ये तर घर बांधून व्हायच्या आधीच विकायची पद्धत. २०२१ मध्ये एव्हरग्रांड या बड्या बिल्डर कंपनीने देणी थकवली, पुढच्या वर्षी अनेक शहरांतल्या खरेदीदारांनी 'बांधकाम सुरू करा, नाहीतर हप्ते भरणार नाही' असं जाहीर केलं. सरकारने व्याज कमी केलं, घर घेताना सुरुवातीला भरायची रक्कम कमी केली, तरी बाजार सावरेना. घर ताब्यात मिळेल का हीच शंका असेल तर हप्ता स्वस्त करून काय उपयोग?

गच्चीवरून:
एजंटांचा विश्वास मात्र कधी घसरलेला पाहिला नाही. मंदीत 'आत्ताच घ्या, स्वस्त आहे', तेजीत 'आत्ताच घ्या, अजून वाढणार'.

साधाप्रश्न:
हा हा, अगदी. मग मी नेमकं काय बघू?

कर्जखाते:
जाहिरातीतला भाव बघू नका, तो मागितलेला भाव असतो. त्या भागात प्रत्यक्ष नोंदलेले सौदे किती आणि विक्रीला लावलेली घरं किती महिने पडून आहेत, ते काढा. जुनी घरं पडून असतील तर घासाघीस करायला जागा आहे, निम्मं काम तिथेच होईल. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर तुमचे पैसे त्याच इमारतीवर खर्च होतील याची कायदेशीर सोय आहे का, ते आधी विचारा. बिल्डर यावर गुळमुळीत बोलायला लागला, तर मंजुरीपत्र माझ्याकडच्या त्या गिऱ्हाइकांसारखं खुशाल खिशात ठेवा.