वाटणीत आईचं बियाणं मागितलं, तर घरचे म्हणतात ‘ही काय मिळकत झाली?’

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. माझं माहेर अकोले तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. आई गेल्या पौषात गेली. आता भाऊ वाटणीचं बोलताहेत. जमीन दोघा भावांना, दागिने सुनांना असं ठरत आलंय. मला म्हणाले, ताई, तुला काय हवं ते सांग आणि हक्कसोडवर सही कर. मी म्हटलं, आईचं बियाणं द्या. घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धाकटा म्हणाला, ही काय मिळकत झाली?

माळ्यावर गाडगी आहेत, वाळल्या दुधीचे तुंबे आहेत. त्यात वाल, काळा घेवडा, डांगर, दोडका. पत्र्याच्या डब्यात काळभात. सगळं राखेत घोळलेलं, तोंडं शेणमातीनं लिंपलेली. ७२च्या दुष्काळात घरात होतं नव्हतं ते शिजलं, पण आजीनं वालाच्या गाडग्याला कुणाला हात लावू दिला नाही. पुढच्या पावसाळ्यात अर्ध्या वाडीनं तोच वाल लावला. आईनं हे मला किती वेळा सांगितलं असेल! दहाव्याला आलेल्या बायका माझ्या गळ्यात पडून तेच म्हणत होत्या, आमच्या परड्यातला वाल तुझ्या आईचा गं. आईच्या नावावर बँकेत फार काही नव्हतं. पण तिच्याकडून ओंजळभर बी नेलं नाही असं घर आमच्या वाडीत मला तरी माहीत नाही. मी तिला श्रीमंत बाई समजते.

विचारायचं असं की, हे बी अजून उगवेल का, आणि टिकवू कसं? मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. शिवाय ओळखीतले एक गृहस्थ सगळा काळभात रोख पैसे देऊन न्यायला तयार आहेत. अट एकच, दुसऱ्या कुणाला दाणा द्यायचा नाही. देऊ का?

निवृत्त कृषी सहायक

ताई, आधी उगवण तपासा. प्रत्येक वाणाचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांनी किती दाण्यांना मोड आले ते मोजा. सत्तर-ऐंशींना आले तर निर्धास्त पेरा. दहांनाच आले तरी फेकू नका. त्या दहा रोपांना जपा आणि त्यांचं बी धरा.

भाताची मात्र घाई करा. घरच्या हवेत त्याची उगवण दोन वर्षांत बरीच खालावते. वाल आणि डांगर थोडी कळ काढतील. साठवणीत ओलावा हाच वैरी. बियांतला ओलावा एका टक्क्यानं उतरला तरी आयुष्य साधारण दुप्पट होतं. आईची राख तेच काम करत होती, वर भुंगाही फिरकत नसे.

वालात भेसळ फारशी होत नाही, तो आपल्याच परागावर धरतो. डांगराचं तसं नाही, माशी चार घरच्या फुलांवर बसून येते. उद्या उमलणारी मादी कळी (खाली इवलंसं फळ असतं ती) आणि नर कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधा. सकाळी उजाडताच नराचा पराग मादीला लावून ती पुन्हा बांधून टाका. त्याच फळाचं बी ठेवायचं.

त्या गृहस्थांना नाही म्हणा. पैसे घेण्यात गैर काही नाही. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी राखता, पेरता, वाटता, विकताही येतं. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. पण सगळं बी एका हाती गेलं आणि त्याचं एक वर्ष बुडालं, की वाण संपला. तीन-चार घरी ठेवा. तुमच्याच तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे आहेत, २०२०च्या पद्मश्री. बी नेणाऱ्यानं पुढच्या हंगामात दुप्पट आणून द्यायचं, अशी त्यांच्या बियाणे बँकेची रीत. तिकडे एकदा जाऊन या.

सातबारा माझाही

मी कडू बोलणार आहे, रागावू नका. बियाणं ही मोठी संपत्ती, शंभर टक्के मान्य. पण ते पेरणार कुठे, बाल्कनीत? काळभाताला खाचर लागतं. ‘खरी दौलत पैशात नसते’ हे वाक्य वाटणीच्या दिवशी फक्त बहिणींनाच का ऐकवतात, याचा मला मनापासून संताप येतो. वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. हक्कसोड एकदा नोंदवलं की मागे फिरणं फार कठीण. सही करण्याआधी चांगल्या वकिलाला कागद दाखवा.

रानजाई

रागावले नाही. रात्रभर तुमचंच वाक्य डोक्यात होतं. सही अजून केलेली नाही. आज सकाळी थोरल्याला फोन केला. म्हटलं, ओढ्याकडचं खालचं खाचर माझ्या नावावर राहू दे. आई तिथंच काळभात लावायची. कसायला तूच कस, पीक तूच घे, मला फक्त दरवर्षीचं बी दे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, वहिनीशी बोलतो. हो म्हणाला तर बरंच. नाही म्हणाला तर वकिलाकडे जाईन, हे मी त्याला सांगून टाकलंय.

त्या गृहस्थांना नकार कळवला. गोणपाटात दाणे आजच बांधले.

परसबाग, सातारा

ताई, वालाचे वीस दाणे मिळतील का? टपालखर्च मी देईन.

रानजाई

पत्ता निरोपात पाठवा. टपालखर्च नको. शेंगा वाळल्या की चाळीस दाणे परत करा, आणि वीस शेजारी द्या. उगवण मोजून झाली की पाठवते, मृगाच्या आत पोचेल.